टिटवीचं उसनं पाणी

नदीसुद्धा मोजावी लागते, हे माझ्या सासऱ्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. जामनेरच्या बाजारात त्यांची कापसाची दलाली. कापूस मोजतात, ज्वारी मोजतात, जमीन मोजतात, कारण त्या वस्तू विकता येतात. "नदी कोण विकणार आणि कोण घेणार? मग मोजता कशाला?" असं ते दर दिवाळीला विचारत आणि मी दर दिवाळीला वेगळं उत्तर देत असे. जावई नेमकं करतो काय, हे चार लोकांत सांगता येत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. आता ते नाहीत, आणि मीही पेन्शन घेऊन नशिराबादेस अंगणात खाट टाकून बसलो आहे. त्यांना जे धड सांगता आलं नाही ते वाचकांना सांगून पाहतो.

पाटबंधाऱ्यांच्या खात्यात मी मोजणीदार होतो. एखाद्या नदीवर बंधारा बांधायचा असो, जुना दुरुस्त करायचा असो, की नुसतीच तिची चौकशी करायची असो, आधी आम्हाला धाडत. उगमापासून संगमापर्यंत काठाने चालायचं, साखळीने लांबी मोजायची, वळणावर झेंडे रोवायचे, आणि तिकाटण्यावर, म्हणजे तिपाईवर, दुर्बीण चढवून पुढच्या माणसाने धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. त्यावरून नदीचा तळ कुठे किती उतरला ते कळतं. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, पण ही बातमी गावात फुटली की त्या दिवसाचं काम बुडालंच म्हणून समजा. प्रत्येक गावाला आपला पाटील एकदा तरी उलटा पाहायचा असतो.

साखळी ओढणाऱ्याला आणि पट्टी धरणाऱ्याला खात्यात खलाशी म्हणत. माझ्या खलाशाने समुद्र जन्मात पाहिला नव्हता. त्याचं नाव दगा. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे पोरांना अशी नावं ठेवतात. माणूस मात्र असा इमानी, की बिबट्याचा माग दिसला तरी पट्टी सोडून पळायचा नाही. पट्टी घेऊन पळायचा.

या धंद्यात सगळ्यांत अवघड काम म्हणजे नदीचं नाव विचारणं. काठावरच्या माणसाला विचारावं, "ही कोणती नदी?" तो म्हणणार, "नदी शे."

"हो, पण नाव काय तिचं?"

"नदीनं नाव नदी. दुसरं कथाईन आनू?"

त्याचंही बरोबरच होतं. त्याला एकच नदी, तिला वेगळं नाव ठेवून करायचं काय? एका शेतकऱ्याने तर मला वेगळीच गळ घातली. दर पावसाळ्यात नदी त्याच्या बांधाचा लचका तोडी. तो म्हणाला, "भाऊसाहेब, नकाशामा ती जराशी सरय काढा." मी म्हटलं, नकाशात सरळ काढल्याने नदी सरळ होते का? तर म्हणतो, "नकाशावर सरकारनी सही राहस. मन्हं आयकत नही, सहीनं आयकी." मी नदी होती तशीच वाकडी काढली. पुढे भेटला की तो माझ्याकडे असा बघे, जणू त्याचा बांध मीच खाल्ला.

पण मला सांगायचं आहे ते टिटवी नदीबद्दल.

धुळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एक अरुंद खोरं आहे. त्याच्या माथ्याशी धामणदर नावाचं गाव. गावामागे एका उंबराच्या मुळाशी टिटवी निघते ती ओंजळीएवढी. पहिला कोसभर ती काळ्या खडकावरून वाहते आणि आपल्या आकाराच्या मानाने फारच आवाज करते. मग खोरं रुंदावतं, दोन नाले येऊन मिळतात, खडक संपतो आणि रेती लागते. धामणदरची शीव संपून खालच्या पळसबारीची शीव सुरू होते तिथे पात्र इतकं रुंद आहे की बैलगाड्यांची शर्यत लावावी. पावसाळ्यात दोन्ही काठ भरतात. माघ उजाडला की टिटवी रेतीत बुडी मारते, आणि चैत्रात परका माणूस पात्रात उभा राहून विचारतो की नदी कुठे आहे?

नदी असते, रेतीखाली. बायका हाताने हातभर खड्डा उकरतात, त्याला झिरा म्हणतात. थोडा वेळ थांबलं की त्यात नितळ पाणी जमतं. असं रेतीच्या पोटातून चालत चालत पाणी पळसबारीला येतं. तिथे एक काळा खडक या काठापासून त्या काठापर्यंत आडवा पसरला आहे. त्याला अडून पाणी पुन्हा वर येतं. नेमक्या त्या खडकावर कोण्या जुन्या काळच्या माणसांनी दगडी बंधारा घातला. कोणी घातला, ते कोणालाच ठाऊक नाही.

या बंधाऱ्यावर पळसबारीचे फड चालत. बाहेरच्या वाचकांना फड म्हणजे कुस्तीचा किंवा तमाशाचा वाटेल, म्हणून सांगतो. बंधाऱ्याखालची सगळी जमीन चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते, त्या प्रत्येक तुकड्याला फड म्हणतात. मालक अनेक, पण एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, कोणता पडीक टाकायचा हे गाव बसून ठरवतं. पाणी कोणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाटातून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत देत जातो. सख्ख्या भावाचा बांध कोरणारी माणसं फडाच्या पाण्याला हात लावत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी तिथे गेलो त्याच्या आदल्या भाद्रपदात टिटवीला मोठा पूर आला आणि बंधारा मधोमध फुटला. खडकाला अडून पाणी वर येई, पण त्या खिंडारातून खाली निघून जाई आणि पाटाचं तोंड हातभर वर कोरडं राही. चारी फडांत ना ऊस ना गहू. तरणी पोरं धुळ्याला गिरणीत काम बघायला लागली होती. फडांचे प्रमुख नथूआबा, उंच, वाळलेला, डोक्यावर भलंमोठं पागोटं असलेला म्हातारा, मला म्हणाले, "आजून एक साल आसंच गयं तं गावमा कुत्रंबी रायाव नही."

दुरुस्तीला सरकारची ना नव्हती, पण एक नियम आडवा आला. पावसाळी नाल्यावर खर्च करायचा नाही. होळीनंतरही पाणी असणारी नदी असेल तर गोष्ट वेगळी. ते ठरवायला इंजिनिअरसाहेब स्वतः चैत्रात येणार होते. मी महिनाभर राहून नदी मोजली होती, झिरे मोजले होते, खडकाशी पाणी किती वर येतं तेही लिहून दिलं होतं. नथूआबांना त्याचा भरवसा वाटेना.

"भाऊसाहेब, तुम्हना कागद सोनाना शे. पन सायेब कागद वाचाले येस का नदी देखाले?"

"नदी बघायला."

"आन नदी दिसस का?"

मी झिऱ्यांची वही मिटून ठेवली.

पुढचा बेत त्यांनी मला कळू दिला नाही. सरकारचं मीठ खाणाऱ्याला सांगून त्याला धर्मसंकटात का टाका, असा त्यांचा सभ्य विचार. नंतर आबांनीच मला तो सगळा सांगितला, तोही जरा छाती फुगवूनच.

बेत असा, की वर धामणदरला खडकाच्या अरुंद घळीत मातीचा बांध घालायचा. उंबराच्या झऱ्याचं आठ-दहा दिवसांचं पाणी तिथे तुंबवायचं. साहेब खालच्या गाडीवाटेने पळसबारीला आला, चहाला बसला, की टेकडीवरून पागोटं हलवून खूण करायची. वरच्यांनी बांध फोडायचा, आणि साहेब नदीवर येईतो टिटवी चैत्रात खळखळ वाहत असायची.

अडचण एवढीच होती, की वरचं गाव धामणदर. आणि धामणदर-पळसबारीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. ते दिसायचं आखाजीला. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा खानदेशात लेकीबाळींचा सण. मुराळी जाऊन माहेरवाशिणीला घेऊन येतो, घरोघर गौराई बसते, झाडांना झोके लागतात. शेवटच्या दिवशी बायका गौराई घेऊन नदीवर जातात आणि समोरच्या काठावर दुसऱ्या गावच्या बायका आल्या की दोन्हीकडून शिव्यांची गाणी सुरू होतात. साध्या शिव्या नव्हेत. नाव घेऊन, घराणं काढून, चालीवर म्हटलेल्या. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही, लांबून कान लावायचा. सूर्य कलला की शिव्या नदीत सोडून सगळ्या घरी जातात. टिटवीवर या दोन गावांची गाठ दोन्ही शिवा मिळतात त्या रेतीत पडे. आदल्या साली पळसबारीकरणींनी एक चरण असा म्हटला, की धामणदरला वर्षभर कोणाला पाहुणा बोलवायची लाज वाटली:

धामणदरना पावना ताकवर भागाडं,
दूध ठेवं दपाडी, मांजरनी सांडं.

पाहुण्याला ताकावर भागवलं, दूध लपवून ठेवलं, ते मांजराने सांडलं. शिवी म्हणून तशी मवाळच, पण खरी होती म्हणून झोंबली.

धामणदरच्या बाजूने या गाण्यांची पुढारी ठगूअक्का. पाटलांच्या घरची थोरली विधवा, गावचा दौलत पाटील तिचा पुतण्या. ठेंगणी, काळीसावळी, तोंडात एक दात, पण त्या एका दातामागून जे बाहेर पडे त्याला दहा गावांत कोणी तोंड देत नसे. गंमत अशी, की तिचं माहेर पळसबारी. पाळण्यातून उतरली तशी लग्न होऊन धामणदरला आली. माहेरचा भाऊ पटकीत गेला, घर बसलं, आणि तेव्हापासून आखाजीला तिला आणायला मुराळी कोणी आला नाही. दर आखाजीला ती सासरच्या काठावर उभी राहून माहेरला शिव्या घाली. पळसबारीतल्या कुठल्या घराचा आजा कुठे चोरी करताना सापडला, हे तिला माहीत असे.

नथूआबा आपलं पागोटं काखेत मारून तिच्याकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पानी ठेवसूत. बांध आम्हना लोके घालतीन. पन औंदा आखाजीले तुम्हन्या बायास्नी तोंड उघाडानं नही. आम्ही म्हनसूत, त्या आयकतीन."

आबांना सौदा फार स्वस्त वाटला. हा पुरुषाचा हिशेब. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांची बायको पोळपाट बाजूला ठेवून म्हणाली, "बंधारा नही व्हयना तं बाजरी खासूत. पन आखाजीले मुकी रायसू नही." गावात घरोघर हेच. म्हाताऱ्या रडल्या, सुना रुसल्या, आबांना तीन दिवस शिळी भाकरी मिळाली. शेवटी 'यंदापुरतं' म्हणून बायकांनी देवळात बेलभंडार उचलला. इतक्या जड मनाने घेतलेली शपथ त्या देवाने आजवर कधी ऐकली नसेल.

बांध झाला. पाणी तुंबायला लागलं. इकडे खाली माझ्या झिऱ्यांचं पाणी बोटबोट उतरू लागलं आणि मी डोकं खाजवीत दगाला रागावत होतो, की तू पट्टी वाकडी धरतोस. गावातला जो भेटे तो माझ्याशी नको इतका गोड बोले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग साहेब आले, पण खालून आले नाहीत. त्यांना तितराच्या शिकारीचा भारी नाद. कोणीतरी सांगितलं, धामणदरच्या माळावर तितर पुष्कळ. म्हणून ते गाडीवाट सोडून घाटाने थेट धामणदरला उतरले आणि मला निरोप आला, दुर्बीण घेऊन वर या.

मी आणि दगा पोचलो तेव्हा साहेब मातीच्या बांधावर उभे होते. समोर घळीत हिरवं, स्वच्छ, पुरुषभर खोल पाणी. कुठून तरी दोन बदकंही येऊन पोहत होती. ती कुणी बोलावली होती देव जाणे. साहेब गोरे, पण पुण्यात पुस्तकावरून मराठी शिकलेले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मला त्यांची दया आली.

"हे पाणी येथे बारा महिने असते काय?" त्यांनी दौलत पाटलाला विचारलं.

पाटील तसा बरा माणूस. पण समोर साहेब, मागे अख्खं गाव, आणि प्रश्न असा की नुसती मान हलवली तरी काम व्हावं. त्याने मान हलवली. मग आपण काय करून बसलो ते त्याला हळूहळू कळलं आणि आवडू लागलं. "बाराही महिना, सायेब. आम्हना बापना बापपासून."

"मग खाली फुटक्या बंधाऱ्यावर खर्च कशाला? बंधारा येथेच बांधला पाहिजे." साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही पातळी घ्या."

मी पाण्यात पाहिलं. बुडालेलं गवत अजून हिरवंगार होतं. एक बाभळीचं झुडूप गळ्यापर्यंत पाण्यात उभं होतं आणि त्याला ते मुळीच मानवलेलं दिसत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपले झिरे का उतरत होते. आणि लगेच दुसरी गोष्ट कळली. इथे पक्का बंधारा झाला की टिटवी इथेच संपली. रेतीत उतरायला पाणीच उरणार नाही. पळसबारीचा बंधारा दुरुस्त झाला काय नि न झाला काय, सारखंच.

इतक्यात नथूआबा घोडीवरून धापा टाकत आले. टेकडीवर पागोटं घेऊन बसलेल्या माणसाला साहेब उलट्या बाजूने उतरताना दिसले होते. आबांनी तुंबलेलं पाणी पाहिलं, साहेब पाहिले, दौलत पाटलाचा चेहरा पाहिला आणि घोडीवरून उतरायचंच विसरले. खरं सांगावं तर सरकारला फसवायला बांध घातला म्हणून साहेब उठून जाणार, आणि न सांगावं तर बंधारा धामणदरला जाणार. इकडे आड तिकडे विहीर. फडातल्या पाण्यावरून शंभर तंटे तोडलेला तो माणूस माझ्याकडे नुसता पाहत राहिला. मला फार वाईट वाटलं.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. तिकाटणं लावायला एरवी जितका वेळ लागतो, त्याच्या चौपट लावला. पातळीचा बुडबुडा मध्ये आणायचा, मग चुकून तिकाटण्याला पाय लावायचा, मग परत मध्ये आणायचा. साहेबांना दुर्बिणीतून पाहायची विनंती केली, त्यांनी डोळा लावला. समोर दौलत पाटील उभा होता, तो त्यांना पायांवर आभाळ तोलून धरल्यासारखा दिसला असणार. पण या खेळाला किती वेळ पुरवणार? गाव कुजबुजत होतं. धामणदरला आजवर कोणी काही दिलं नव्हतं आणि आज आपल्या पायांनी बंधारा चालून आला होता. गावाचे डोळे चमकत होते, त्यांना दोष कसा द्यावा?

तेव्हा गर्दीतून ठगूअक्का आली. तिच्या हातात कुदळ होती. ती नीट साहेबांपाशी गेली आणि म्हणाली, "सायेब, जरा बाजूले व्हा. तुम्ही उभा शेतस ते माले मोडानं शे."

साहेबांनी पायाखाली पाहिलं. दौलत पाटील पुढे धावला. "काकू, काय करी ऱ्हायनी? बंधारा आपला गावले भेटी ऱ्हायना."

"कोनना पानीवर?" अक्का म्हणाली. "हाई पानी आपलं शे का? पयसबारीनं शे. उसनं आनेल शे, आठ दिवससाठे. कोनी आपला घर ठेव ठेवी तं ती आपली व्हस का?"

"सायेबले सांगाले नको व्हतं."

"सायेबले नही सांगत. तुले सांगस."

आणि तिने बांधात कुदळ घातली. म्हातारीचा घाव तो, चार ढेकळं निघाली. कोणी पुढे येईना, कोणी अडवीनाही. मग दगा, सरकारी खलाशी, पट्टी माझ्या हातात देऊन गेला आणि तिच्या हातातली कुदळ घेतली. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणूनही सांगितलं नाही. साहेब कसेबसे काठावर उडी मारून गेले. पाण्याला बोटभर वाट मिळाली, मग हातभर, मग बांधच राहिला नाही.

साहेब रागावले नाहीत. म्हणजे रागावायला त्यांना वेळच मिळाला नाही. ते घोड्यावर बसले आणि पाण्यामागे निघाले. त्यांच्या मागे आम्ही, आमच्या मागे अख्खं धामणदर. पाण्याच्या तोंडाशी फेस, पालापाचोळा आणि जीव घेऊन पळणारे मुंगळे. खडकावरून ते असं धावलं की घोड्याला दौडावं लागलं. आबांचा चेहरा जरा खुलला. पाटात पाणी किती वेळात कुठवर जातं, हे त्यांना पाठ. त्यांनी तोच हिशेब नदीला लावला होता. पण पाटाचा तळ चिखलाने लिंपलेला असतो आणि टिटवीचा तळ रेतीचा. रेती लागली तसं पाणी चालू लागलं, मग रांगू लागलं, आणि शिवेपाशी, जिथे आखाजीच्या शिव्या होतात तिथे, आमच्या सगळ्यांच्या देखत जमिनीत गेलं. शेवटी एक ओलं वर्तुळ उरलं, तेही उन्हाने पुसलं.

साहेब घोड्यावरून उतरले आणि आबांना म्हणाले, "तुमची नदी कोठे गेली?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आबा म्हणाले, "खाले गयी, सायेब. पयसबारीले निंघी. तिन्ही सवडथी येस ती."

"केव्हा?"

"ते ती सांगत नही."

साहेब मुक्काम करायचा म्हणाले. त्यांची राहुटी पळसबारीच्या खडकाशी पडली. आम्ही पाण्याची वाट पाहिली, ते तितरांची वाट पाहत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी खडकाशी पाणी वीतभर चढलं आणि खिंडारातून आवाज करत खाली पडू लागलं. साहेबांनी बाही सरसावून हात घातला. मग आबांना आणि मला जवळ बोलावून त्यांच्या पुस्तकी मराठीत खरपूस समाचार घेतला. शेवटी म्हणाले, "मात्र तुम्ही मला आरंभीच खरे सांगितले असते, की नदी वाळूच्या खाली आहे, तर मी विश्वास ठेवला नसता. हे आपल्यात राहू द्या." मंजुरी आली. काम उभं राहायला आणखी दोन पावसाळे गेले, कारण सरकारी पाणीसुद्धा आपल्या सवडीने येतं. पण बंधारा झाला.

धामणदरला काही मिळालं नाही. दौलत पाटील अक्काशी बोलेनासा झाला. घरातली जाणती सून तिला वाढी, पण ताट जरा आपटून. गावाच्या तोंडचा घास तिने काढून घेतला होता आणि तो गावाचा नव्हताच, हे पटायला गावाला वेळ लागणार होता. तरी आखाजी आली तेव्हा बायका तिला घेऊनच शिवेवर गेल्या. तिच्याशिवाय शिव्या म्हणणार कोण?

त्या दिवशी मी तिथे होतो. पुरुषांनी जायचं नाही खरं, पण माझे झेंडे त्या काठावर होते आणि सरकारी झेंड्यांची राखण करावी लागते. आबाही माझ्या सोबतीला आले. झेंड्यांबद्दल त्यांना त्या दिवशी अचानक फार काळजी वाटू लागली होती. आम्ही पळसबारीच्या काठामागे बाभळीच्या आड बसलो.

समोरून धामणदरच्या बायकांनी सुरू केलं. पहिला चरण झोकात गेला. इकडे पळसबारीच्या बायका गौराई डोक्यावर घेऊन, ओठ आवळून उभ्या. दुसरा चरण झाला. इकडून काही नाही. आबांच्या बायकोने पदर दातांत धरला होता. तिसऱ्या चरणाला धामणदरच्या बायकांनाच कसंनुसं झालं. टाळी एका हाताने वाजत नाही. अक्का अजून बोलली नव्हती. बायकांनी तिला पुढे ढकललं, "अक्का, तुम्ही म्हना."

अक्का पुढे आली. पण थांबली नाही. उतरून रेतीत आली, रेती ओलांडली आणि या काठावर चढून पळसबारीच्या बायकांच्या मधोमध उभी राहिली. पलीकडून तिची सून ओरडली, "आत्याबाई, तठे कथा चालन्यात?"

"बेलभंडार यास्नी उचलेल शे, मी नही," अक्का म्हणाली. "मी आठली पोर शे. मुराई कोनी धाडा नही, मी मन्ही मन्ही उनू."

आणि अशी आपली आपण माहेरी येऊन, कंबरेवर हात ठेवून तिने सासरच्या अख्ख्या गावाला तोंड दिलं:

धामणदरना लोकेस्ना मोठा शे रुबाब,
उसनं पानी दखाडीसन बननात नवाब.

पलीकडे असा गलका उठला की बाभळीवरची पाखरं उडाली. आता भांडण भांडणासारखं झालं. पलीकडे सगळं गाव आणि इकडे एकटी म्हातारी, एकाला दोन देणारी. पळसबारीच्या बायकांना बोलायची बंदी होती, हातांना नव्हती. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. दौलत पाटील, त्याचा बाप, त्या बापाची म्हैस, ताट आपटणारी सून, कोणी सुटलं नाही. मला वाटलं, आपण तरी सुटलो. तेवढ्यात तिने बाभळीकडे न बघताच म्हटलं:

साखयीवाला भाऊनी डोयाले लाई नयी,
नदी दिखनी उलटी, अक्कल गयी पयी.

साखळीवाल्या भाऊने डोळ्याला नळी लावली, त्याला नदी उलटी दिसली आणि अक्कल पळाली. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सूर्य कलला. गौराया झिऱ्याच्या पाण्यात बुडवून झाल्या. दोन्हीकडच्या बायका घसा बसलेल्या, हसत, घराकडे वळल्या. अक्का रेतीच्या कडेला उभी राहिली. तिचं सासर त्या बाजूला, आणि त्या बाजूला आज तिच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. ती एकटीच उतरायला लागली. मला राहवलं नाही, मी उठलो. पण आबा माझ्याआधी उठले होते. इतकी वर्षं आखाजीला तिच्या शिव्या खाल्लेला तो म्हातारा पागोटं नीट करत तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"अक्का, गाडी जुपेल शे," तो म्हणाला. "चार दिवस माहेर रायनं पडी. मंग मी सोता लई जासू धामणदरले. चाल बहीन, घर चाल."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. तिचा एक दात दिसला. तिने पदराने डोळे पुसले, आबांच्या खांद्याला धरलं आणि गाडीत चढली.